अव्हेंजर २२० क्रूझ (२०१७), मालक म्हणतात ‘किरकोळ काम आहे’. घ्यावी का?

नवखा_शून्यनऊ (धागाकर्ता)

मंडळी, इंदुरातलीच एक जुनी गाडी बघितली आहे. बजाज अव्हेंजर २२० क्रूझ, एमपी ०९, नोंदणी ऑगस्ट २०१७, पहिलाच मालक, काटा २९,४०० किमी दाखवतो. आठ महिने घरात उभी आहे. महिन्यातून एकदा चालू करून ठेवतो असं मालक म्हणतात. मागतायत ४८,०००.

त्यांनी आपणहून सांगितलेली कामं:

– पुढचा, डिस्कच्या बाजूचा शॉकअप तेल सोडतो
– चोक दिल्याशिवाय उठत नाही, चोक काढला की बंद पडते
– पुढचा ब्रेक ‘जरा नरम’
– मागचा डावा इंडिकेटर लागत नाही

त्यांच्या हिशेबाने सगळं मिळून दोन-अडीच हजारांचं काम. वापर रोज राजेंद्रनगर ते पीथमपूर, सुट्टीला मांडू नाहीतर महेश्वर. माझी उंची ५ फूट ३ इंच, म्हणून बुटकी सीट हवी. पाना-पक्कड धरता येते, इंजन उघडता येत नाही. दुसरा पर्याय थंडरबर्ड ३५०, २०१४ ची, पण ती एमएच १९ म्हणजे जळगाव पासिंग आहे.

शनिवारी पुन्हा बघायला जायचंय. काय काय बघू?

---

पाना_चौदा

चार कामांपैकी इंडिकेटर सोडून द्या. १० वॅटचा बल्ब नाहीतर होल्डरमधला गंज, पाच मिनिटांचा विषय. चोकचा त्रास कार्बोरेटरचा (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग), आठ महिने उभ्या गाडीत त्यात आश्चर्य नाही. ब्रेकचं बघावं लागेल. खरा प्रश्न शॉकअपचा आहे, आणि तो ‘सील (तेल आत अडवणारं रबरी कडं) बदलायचं का’ असा नसून ‘एकाच बाजूचं सील का गेलं’ असा आहे.

वयाने सील जातात तेव्हा बहुधा थोड्या अंतराने दोन्ही बाजूंची जातात, रबर दोन्हीकडे सारखंच कडक होतं. एकच बाजू गळत असेल तर कारणं तीन:

१. डस्ट कव्हर फाटून आत चिखल-वाळू गेली आणि सीलची धार कापली गेली. आपल्याकडची काळी माती सुकली की या कामात पटाईत.
२. पाइपच्या क्रोमवर गंजाचे खड्डे पडलेत. नवं सील टाकलं तरी खड्ड्याची कड ते हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये पुन्हा खाते.
३. गाडी पुढून ठोकली गेली आहे आणि पाइप वाकलाय. वाकलेला पाइप सीलला एकाच अंगाने घासतो.

पहिलं कारण असेल तर मालक म्हणतात ते बरोबर, किरकोळ काम. दुसरं असेल तर पाइप बदला. तिसरं असेल तर पाइपवर थांबत नाही, टी (दोन्ही पाइप धरणारी पट्टी), कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आणि चॅसीची मान (हँडल जिथे बसतं तो भाग) हेही बघावं लागतं. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, पाइपवर तेलाचा ओघळ.

क्रूझरचा पुढचा शॉकअप जास्त तिरका असतो. त्यामुळे खड्ड्याचा मार सरळ नळीच्या दिशेने न जाता थोडा आडवा बसतो आणि बुश-सील एका अंगाने झिजतात. म्हणून या गाडीत पुढच्या भागाकडे नेहमीपेक्षा जास्त लक्ष द्या.

शनिवारी एवढं करा. डस्ट कव्हर छोट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच वर उचला, पाइप फडक्याने पुसा आणि नख वरून खाली फिरवा, चहूबाजूंनी. नख कुठे अडकलं तर तिथे खड्डा. मग पाइपला केबल टाय बांधून डस्ट कव्हरला टेकवा आणि पुढचा ब्रेक धरून हँडल जोर लावून चार-पाचदा दाबा. टाय वर सरकून जिथे थांबेल तिथपर्यंत सील रोज फिरतं, खड्ड्यावर जोरात गेलं तर आणखी थोडं वर. खड्डे त्या पट्ट्याच्या बरेच वर असतील तर दिसायला वाईट, बाकी त्रास नाही. पट्ट्यात असतील तर पाइपचे पैसे किमतीतून वजा.

---

माळवी_मायलेज

आठ महिने उभी गाडी आणि ‘महिन्यातून एकदा चालू करतो’ हे दोन्ही एकत्र आलं की मी सावध होतो. पाच मिनिटं चालू करून बंद केली की इंजन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी साठतं. बॅटरीतून सेल्फने जेवढं घेतलं तेवढं परत भरतही नाही. त्यापेक्षा बॅटरीची तार काढून झाकून ठेवलेली बरी. तेल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट दुधासारखा थर असेल तर तो हाच प्रकार. तेल बदलून गाडी चांगली तापवल्यावर गेला तर ठीक.

सायलेन्सरच्या खालच्या बाजूला, वळणाजवळ, बोटांनी टकटक करून बघा. आतून सडला असेल तर आवाज बद्द येतो.

---

जेट_काका

कार्बोरेटरबद्दल मी लिहितो, बाकी पाना आहेतच.

चोक दिला की चालते, काढला की बंद पडते, याचा अर्थ कमी आरपीएमला पेट्रोल कमी पडतंय. दहापैकी आठ वेळा पायलट जेट (कमी आरपीएमला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेलं असतं. हल्लीच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल धरतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. कार्बोरेटरची वाटी म्हणजे टाकीच्याही खालचा तळ. २०१७ ची गाडी ई-२० च्या आधीची, त्यामुळे पेट्रोलचा पाइप आणि वाटीचं गॅसकेट फुगलंय किंवा भेगाळलंय का तेही बघा.

विकत घेण्याआधी करता येणारी तपासणी: कार्बोरेटरखाली काचेची बाटली धरून वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा. निघालेलं पेट्रोल दोन मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थेंब फिरताना दिसला तर पाणी. रंग चहासारखा आणि वास वार्निशचा असेल तर जुनं पेट्रोल. लालसर कण दिसले तर टाकी आतून गंजली आहे आणि मग कार्बोरेटर कितीही साफ करा, पंधरा दिवसांनी तेच. टाकीत टॉर्च मारून तळ बघाच. (पेट्रोल उघडं असताना मोबाइलची टॉर्च पुरे. लायटर काढणारे महाभाग असतात म्हणून सांगतो.)

गाडी घेतलीत तर साफ करताना तीन चुका टाळा. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवा, नंतर तेवढाच बाहेर ठेवायचा. आत नेताना हलक्या हाताने, आवळलात तर टोक बसकं होतं. जेटमध्ये तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे. आणि वरच्या झाकणाखाली रबरी पडदा असतो, तो आधी बाजूला काढा. क्लीनर लागला की पडदा फुगतो आणि परत बसत नाही. पडद्याला टाचणीएवढं छिद्र असलं तरी एक्सलेटर दिल्यावर गाडी गुरगुरते, पळत नाही.

उरलेल्या दोन वेळा कारण रबरी मॅनिफोल्डची भेग असते, कार्बोरेटर आणि हेडच्या मधला तो काळा नळ. हाताने वाकवून बघा, भेग उघडते.

---

सावनी_नर्मदा

कागदांचं कोणी लिहिलं नाही अजून.

१. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवा. चॅसी नंबर मानेवर कोरलेला असतो, भोवतीचा रंग नवा किंवा घासलेला दिसला तर तिथेच थांबा.

२. परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा: मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाची नोंद आहे का. कर्ज फिटलं तरी आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती लागतात. हे काम विक्रेत्याने आधी करून द्यावं.

३. ई-चलन बघा. बाकी दंड त्यांनीच भरावा.

४. गाडी एमपी ०९ ची आणि तुम्हीही इंदूरचे, त्यामुळे एनओसी लागत नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नायता मुंडल्याच्या आरटीओत नाव बदलायचं. कायद्याने विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. ‘सही करून फॉर्म देतो, तारीख तुम्ही घाला’ हा प्रकार दोघांच्याही अंगाशी येतो. नोंदणीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि त्या प्रकरणात गाडी एकानंतर एक अशा बऱ्याच हातांत फिरलेली होती. म्हणजे घाई विक्रेत्यालाच हवी. हे त्यांना सांगा, कागद लवकर होतात.

५. ताबा घेताना तारीख आणि वेळ घालून साधं पत्र करा, दोघांच्या सह्या. त्या वेळेआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं.

६. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाव बदललेलं नसेल तर अडकतो. नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे हप्ता वाढलेला दिसेल.

७. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का बघा.

दोन्ही किल्ल्या मागून घ्या. एकच असेल तर ‘दुसरी कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे.

---

नवखा_शून्यनऊ

सावनीताई, आभार. थंडरबर्डचं काय? जळगाव पासिंग म्हणून भाव कमी आहे.

---

सावनी_नर्मदा

कमी आहे तो त्याच कारणाने. जळगाव आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, मग मध्य प्रदेशात नव्याने नोंदणी आणि इथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मिळतो, पण अर्ज वेगळा आणि इथली नोंदणी झाल्यावर. नोंदणी न बदलता दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या पुढे गाडी ठेवता येत नाही. भावातला फरक या खर्चाहून आणि खेपांहून मोठा असेल तरच विचार करा.

---

पाना_चौदा

आणि गाडी म्हणूनही ती वेगळी वस्तू आहे. ३४६ सीसी, टाकी २० लिटर, वजन १९० किलोच्या पुढे. मांडूला आरामात नेईल, पण पाच-तीन उंचीला राजवाड्याच्या गर्दीत पार्किंगमधून मागे ओढताना जाणवेल. हायड्रॉलिक टॅपेट असल्याने टॅपेटचा त्रास नाही. सेल्फ मारताना कड-कड-कड आवाज आला तर स्प्रॅग क्लच (सेल्फची मोटर इंजनाला जोडणारा भाग) गेलाय किंवा चाललाय, ते काम किरकोळ नाही. तुमचा वापर रोज पीथमपूर असेल तर अव्हेंजरच बरी.

---

दोनतारा

वायरिंगवाले प्रश्न. २०१७ एप्रिलनंतरच्या गाड्या बीएस-४, हेडलाइट कायम चालू, बंद करायचा स्विच नसतो. तुमच्या गाडीला तसा स्विच दिसला तर एकतर कोणीतरी स्विचबॉक्स बदललाय किंवा गाडी आधी बनून उशिरा नोंदलेली आहे. आरसीवर बनावटीचा महिना असतो, ताडून बघा.

२२० ला किक नाही. बॅटरी पार बसली तर ढकलूनही चालू होणं अवघड, म्हणून मल्टिमीटर बरोबर न्या:

– गाडी बंद, किमान काही तास उभी: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी
– सेल्फ दाबताना: १० च्या खाली कोसळू नये. कोसळलं तर बॅटरी थकलेली
– चालू करून साधारण ४,००० आरपीएमला: १३.८ ते १४.५

शेवटचा आकडा १३ वर अडकला तर स्टेटर (वीज बनवणारी कॉइल) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा). १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर नक्की, आणि तो नव्या बॅटरीलाही उकळवून टाकेल. नुसती बॅटरी जुनी असेल तर घाबरू नका, उभ्या गाडीची बॅटरी जातेच.

डीटीएस-आय म्हणजे दोन प्लग. एक प्लग मेला तरी गाडी चालते, फक्त ओढ आणि ॲव्हरेज जातं. मालकाला पत्ताही नसतो. दोन्ही प्लग काढून एकेक हेडला टेकवून ठिणगी बघा.

---

माळवी_मायलेज

चालू गाडीत एकेक कॅप ओढून बघितलं की दोन सेकंदांत कळतं की. प्लग कशाला काढायचे?

---

दोनतारा

कॅप मोकळी राहिली की ठिणगीला जायला जागा नसते. दाब कॉइल आणि सीडीआयवर येतो, शिवाय हाताला झटका बसू शकतो. दुसऱ्याची गाडी आहे, बिघडली तर घ्यावीच लागेल. प्लग काढून बघा, तोंडाचा रंगही कळतो: विटकरी-तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट काळा म्हणजे इंजन तेल जाळतंय. प्लग काढताना पेट्रोलची टाकी बंद, झाकण लावलेलं, आणि ठिणगी प्लगच्या भोकापासून लांब.

---

पाना_चौदा

इंजनाबद्दल. गाडी थंड असतानाच पोचा आणि आधी इंजनाला हात लावून बघा. गरम असेल तर तुमच्यासाठी चालू करून ठेवली आहे, तासाभराने परत या. थंड इंजनच खरं बोलतं.

उठल्यावर पहिला निळा धूर, मग साफ: व्हॉल्व्ह सील. काही महिने चालतं, पण भावात धरा.
एक्सलेटर देताना सतत निळा: रिंग-पिस्टन. निघून या.
उतारावर एक्सलेटर सोडून पुन्हा दिल्यावर निळा भपका: पुन्हा व्हॉल्व्हकडची बाजू.
काळा: कार्बोरेटर, आत्ता याचा निकाल लागणार नाही.
सकाळच्या गारव्यात पांढरी वाफ: काही नाही.

आवाज: थंडीत दोन-चार सेकंद साखळीसारखी खरखर आणि मग शांत, तर टेन्शनर (टायमिंग चेन ताणून धरणारा). गरम झाल्यावरही राहिली तर टायमिंग चेन आणि गाइड. टिक-टिक असा शिलाई मशीनसारखा हलका आवाज टॅपेटचा, थोडा असणं चांगलं. एकदम निःशब्द टॅपेट म्हणजे घट्ट बसवलेले, व्हॉल्व्ह जळतात.

२२० ला पुढे ऑइल कूलर आहे. त्याच्या नळ्यांच्या जोडांवर ओलसर धूळ आहे का बघा. वॉशर बदलून जातं, पण कूलरच्या जाळीवर दगडाचा मार असेल तर नाही.

आता ठोकलेली आहे का ते. पुढचं चाक पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि मानेखालचे स्टॉपर बघा. एका बाजूचा चेपलेला असेल तर गाडी जोरात आपटली आहे. मानेच्या वेल्डवर रंगाला बारीक तडे आहेत का. लेगगार्ड चकचकीत नवा आणि बाकी नटबोल्ट गंजके, हाही एक पुरावाच.

शेवटी, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, याची दोरीची परीक्षा. गाडी सरळ उभी धरायला एक माणूस लागेल. मागच्या टायरच्या पाठीमागून दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी पुढे ताणा, जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी पुढच्या आणि मागच्या कडेला दोरी टेकली पाहिजे. स्टँड आड येत असेल तर दोरीऐवजी ट्यूबलाइटच्या दोन सरळ पट्ट्या. मागचा टायर १३० चा, पुढचा ९० चा, म्हणजे पुढे प्रत्येक बाजूला साधारण २० मिमी फट हवी. टायरची खरी रुंदी थोडी इकडेतिकडे असते, त्यामुळे २० च यायला हवेत असं नाही. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात.

---

माळवी_मायलेज

टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का पण बघा. २६१७ म्हणजे २०१७ चा २६ वा आठवडा. क्रूझला तारांची चाकं, म्हणजे ट्यूबवाले टायर. मागे १५ इंची ट्यूब आहे, हमरस्त्यावरच्या प्रत्येक पंचरवाल्याकडे ती नसते. एक ट्यूब बरोबर ठेवावी लागते. तारा एकेक पान्याने टिचकी मारून ऐका, सैल तार बद्द वाजते.

---

नवखा_शून्यनऊ (शनिवार रात्र)

जाऊन आलो. जे दिसलं ते:

इंजन थंड होतं. चोकवर उठली, धूर नाही. काढल्यावर बंद. वाटीतून चहाच्या रंगाचं पेट्रोल, तळाशी पाण्याचा थेंब, गंजाचे कण नाहीत. टाकीचा तळ स्वच्छ. तेलाच्या झाकणाला पातळ दुधाळ थर.
बॅटरी बंद असताना ११.९, सेल्फला ९.२, चोकवर रेस धरून १४.१.
दोन्ही प्लगना ठिणगी, दोन्ही कोरडे काळे.
पुढचा ब्रेक: लिव्हर दोन-तीनदा पंप केला की घट्ट होतो, अर्धा मिनिट दाबून धरला तर खाली जात नाही. तेलाचा रंग काळपट. डिस्कवर शॉकअपच्या तेलाचे डाग.
पुढचा टायर २६१७, नक्षी खुणेच्या जवळ आली आहे. मागचा २०२१ चा, अर्धा.
पाइपला नख लावलं तर गळणाऱ्या बाजूला दोन बारीक खड्डे, डस्ट कव्हरपासून ३ सेमी वर. टाय ७ सेमीपर्यंत गेला.
स्टॉपर दोन्ही ठीक. मानेवर तडे नाहीत.
दोरी: पुढे डावीकडे २४ मिमी, उजवीकडे १६.

शेवटच्या आकड्याने पोटात गोळा आलाय. वाकलाय का?

---

पाना_चौदा

थांबा, अजून नाही. चेनच्या ॲडजस्टरच्या (मागचं चाक पुढेमागे सरकवणारे स्क्रू) खुणा दोन्ही बाजूंना सारख्या होत्या का?

दोरी मागच्या टायरवरून निघते. मागचं चाकच किंचित तिरकं बसवलेलं असेल तर पुढे फरक दिसणारच. दोन ॲडजस्टरमधलं अंतर २० सेमी धरा. एका बाजूला अर्धा मिमी जास्त ओढलं गेलं तरी दीड मीटर पुढे जवळजवळ ४ मिमी सरकतात. तुमच्या आकड्यांत मध्यापासून फरक ४ चाच आहे. चेन ताणताना एकच बाजू फिरवली की नेमकं हेच होतं. त्यात स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) खुणाही दर गाडीत तंतोतंत नसतात, म्हणून स्विंगआर्मच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेपने मोजा.

पुन्हा जाऊन, मालकांच्या परवानगीने, मागचा ॲक्सल नट सैल करून दोन्ही बाजू सारख्या करा, चेनला मधोमध अडीच-तीन सेंटिमीटर खेळ ठेवा, नट आवळा आणि दोरी पुन्हा लावा. फरक गेला तर पाइप वाकलेला नाही. राहिला तर हँडल सरळ धरल्यावर चाक सरळ आहे का बघा. चाक तिरकं असेल तर टी पिळली गेली असेल, ती साध्या पडण्यानेही पिळते आणि खालचे बोल्ट सैल करून चाक गुडघ्यांत धरून सरळ होते. तेही नसेल तर मग वाकलेला पाइप.

तोवर एक काम: पुढचं चाक जमिनीवरून उचला, इंजनाखाली लाकूड घालून. हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सोडा. मधोमध ‘टक्’ करून अडकलं तर कोनसेट गेला. मग शॉकअपचे खालचे पाय धरून पुढेमागे हलवा, खडखड नको.

---

माळवी_मायलेज

एक चांगली गोष्ट सांगतो. पुढचा टायर गाडीबरोबरचा आहे आणि आता नक्षी संपत आली आहे, ते २९ हजारांशी जुळतं. काटा मागे फिरवल्याची शंका कमी.

---

दोनतारा

११.९, ९.२ आणि १४.१ म्हणजे चार्जिंग उत्तम, बॅटरी संपलेली. नवी घ्या, बाकी काही शोधू नका.

---

जेट_काका

दोन्ही प्लग कोरडे काळे कारण चोकवरच चालवली जातेय. कार्बोरेटर साफ झाल्यावर २०० किमीने पुन्हा बघा, तोवर निष्कर्ष नको. दुधाळ थर पातळ आहे, इंजन तेल आणि फिल्टर बदला, २०डब्ल्यू५० घाला.

---

नवखा_शून्यनऊ (रविवार दुपार)

ॲडजस्टर खरंच असमान होते. सारखे केल्यावर दोरी: डावीकडे २०, उजवीकडे २१. हँडल मध्ये अडकत नाही. सकाळी सुपर कॉरिडॉरवर चोकचा खटका अर्धा ठेवून ४० पर्यंत नेली, एका बाजूला ओढत नाही. पिपल्याहाना पुलावर चढताना क्लच घसरत नाही.

आज पार्ट्सच्या दुकानात आणि मेकॅनिककडे विचारलेले भाव:

शॉकअपचा एक पाइप १,६५०, दोन्ही बाजूंची सील व डस्ट कव्हर ४२०, तेल २५०, मजुरी ६००
कार्बोरेटर सफाई आणि गॅसकेट ६५०
ब्रेक पॅड ३५०, ब्रेक तेल आणि मजुरी ३००
बॅटरी १,९००
पुढचा टायर व ट्यूब २,१००
इंजन तेल-फिल्टर ७००

बेरीज ८,९२०. मालकांचे दोन-अडीच हजार कुठे आणि हे कुठे. ४० ला मागू का?

---

पाना_चौदा

बेरीज बरोबर आहे, पण सगळी त्यांच्या माथी मारू नका. इंजन तेल कोणतीही जुनी गाडी घेतली की बदलायचंच असतं. टायर संपत आलाय हे त्यांनाही दिसतं, अर्धे पैसे मागणं रास्त. पाइप, सील, ब्रेक, कार्बोरेटर, बॅटरी हे पूर्ण त्यांचं: ६,१२०. टायरचे अर्धे धरले तर ७,१७०. म्हणजे ४८ मधून ४१ च्या आसपास. दुकानाच्या भावांचा कागद समोर ठेवा आणि ३९ पासून सुरू करा. ४२ ला देत असतील तर घ्या, इंजन आणि चॅसी चांगले आहेत, आणि त्याचेच पैसे असतात.

पाइपवर काहीजण खड्डा बारीक पॉलिश पेपरने घासून चालवायला सांगतील. खड्डे सीलच्या वाटेत आहेत, घासल्याने क्रोम आणखी जाईल. तात्पुरतं चालतं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. पाइप एकच बदलला तर चालेल, पण सील दोन्हीकडची बदला, मजुरी तीच.

ब्रेक पॅडना शॉकअपचं तेल लागलंय, ते पॅड धुऊन किंवा जाळून परत वापरू नका. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. आधी शॉकअपचं काम, मग पॅड. उलट केलं तर नवे पॅड पण तेलात. ब्रेक तेल डॉट-४, जुनं सगळं बाहेर येईपर्यंत: लिव्हर दाबून धरा, निपल (कॅलिपरवरचा तेल-हवा काढायचा स्क्रू) पाव फेरा उघडा, बंद करा, मग लिव्हर सोडा. ब्रेक तेलाच्या डबीतली पातळी कधीच तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. ब्रेक तेल पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.

---

सावनी_नर्मदा

टोकन देणार असाल तर ऑनलाइन द्या आणि पावतीत गाडीचा नंबर लिहून घ्या. बाकी रक्कम फॉर्म २९-३० वर सह्या झाल्यावर, त्याच बैठकीत.

---

नवखा_शून्यनऊ (बुधवार)

४१,५०० ला ठरली. परवा कागद. मेकॅनिक म्हणतोय, शॉकअपमधून जेवढं तेल निघेल तेवढंच मोजून नवं घालतो. बरोबर आहे ना?

---

पाना_चौदा

नाही! गळणाऱ्या पायातलं तेल आधीच बाहेर गेलंय, निघेल ते कमीच निघणार. तेवढंच घातलं तर एक पाय कमी, एक जास्त, आणि पुढचं चाक ब्रेकखाली पिळल्यासारखं वाटेल. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एका पायाचं माप दिलेलं असतं, ते घ्या आणि मोजपात्राने दोन्हीकडे सारखं घाला. मग स्प्रिंग न घालता पाइप पूर्ण खाली दाबून, हवा निघेपर्यंत पाच-सहा वेळा वरखाली करून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतची खोली सळईने मोजा. दोन्ही पायांत एक मिमीचाही फरक नको.

सळई स्वच्छ पुसलेली असू द्या.